एर्बिलहून बाखदिदा डे टूर: गाइडला पाच, एजन्सीला दोन स्टार

एर्बिलला, म्हणजे इराकी कुर्दिस्तानच्या राजधानीत नोकरीला असाल तर एक सुट्टी काढून शेजारच्या निनवे मैदानाची (सपाट प्रदेशाची) ही टूर नक्की करा, पण आधी व्हिसाचं बघा. कुर्दिस्तानचा व्हिसा पुढे चालत नाही, बगदादचा, म्हणजे इराकच्या केंद्र सरकारचा लागतो, हे एजन्सीवाल्याने बुकिंग घेताना अवाक्षरानेही सांगितलं नाही, आमच्यातला एक जण नाक्यावरूनच परत गेला आणि त्याचे पैसे द्यायचं अजून नाव नाही.

गाइड मात्र एक नंबर. पोरगा बाखदिदाचाच, हे ख्रिश्चन गाव मॅपवर काराकोश नावाने दिसेल. ऑगस्ट 2014 मध्ये आयसिस आली तेव्हा पेशमर्गा (कुर्दी सैन्य) रातोरात मागे हटले आणि अख्खं गाव एर्बिलकडे पळालं, त्यात याचं घरपण. आता दुसऱ्याच्या भरवशावर राहायचं नाही म्हणून त्याच वर्षाच्या शेवटी असिरियन (इथल्या ख्रिश्चन) पोरांनी एनपीयू उभी केली, म्हणजे निनवे प्लेन प्रोटेक्शन युनिट्स. 2016 च्या ऑक्टोबरात गाव सुटलं, आता नाक्यावर हीच मंडळी. आधीच्या नाक्यांवर आमची डिकी उघडून बॅगा उपसल्या होत्या, इथे काच खाली झाली, 'श्लामा' (त्यांच्या भाषेतला नमस्कार) झालं आणि गार्ड गाइडला विचारतोय काय तर भावाचा ट्रॅक्टर दुरुस्त झाला का! पासपोर्ट बघितले, पण नंतर.

अर्थात सगळं गोडगोड नाहीये. पगार येतो बगदादहून, हश्द अल-शाबीच्या (सरकारमान्य, बहुतेक शिया सशस्त्र गटांच्या संघटनेच्या) खात्यातून, म्हणजे दोरी शेवटी तिकडेच. त्याच हश्दमध्ये बॅबिलोन ब्रिगेडपण आहे, नावाला ख्रिश्चन पण भरती बरीचशी बाहेरच्या शियांची, 2017 मध्ये तिचं आणि एनपीयूचं चांगलंच वाजलं होतं आणि 2019 मध्ये तिच्या म्होरक्यावर अमेरिकेने निर्बंध टाकले. एजन्सीच्या पत्रकात मात्र दोघांना एकाच ओळीत 'गावाचे रक्षक' करून टाकलंय, गाइडला दाखवलं तर त्याने कागद घडी करून सरळ खिशात घातला.

अल-ताहिरा चर्चला जास्त वेळ ठेवा, आयसिसने आत आग लावली होती आणि अंगणात नेमबाजीचा सराव करायचे. दुरुस्ती झाल्यावर मार्च 2021 मध्ये पोप फ्रान्सिस येऊन गेले. एजन्सीने इथे जेमतेम अर्धा तास दिलाय, गाइडला सांगितलं तर वाढवून देतो.

जेवण पॅकेजमध्ये नाही. खजूर भरलेला क्लेचा (इराकी बिस्कीट) मिळाला तर घ्या, चहासोबत मस्त लागतो. आणि नाक्यावर फोन बाहेर काढू नका, गार्ड कितीही हसून बोलले तरी फोटोला नाहीच म्हणतात.