लहान मुलांचं सर्जरी हॉस्पिटल, कोल्हापूर: पाचपैकी चार तारे

चारही तारे डॉक्टर आणि रात्री चालू असलेल्या सोनोग्राफीला. पाचवा बिलिंगच्या खिडकीनं घालवला, त्याचं खाली लिहितो.

भाचा सात महिन्यांचा. सर्दी-ताप येऊन गेला होता, बरा होऊन खेळत होता. मग एका दुपारी मधेच किंचाळायला लागला. पाय पोटाशी घ्यायचा, थोड्या वेळानं गळून पडल्यागत गप्प, परत तेच. आईनं बेंबीभोवती हिंग लावला, मीठ-मोहरी ओवाळली. शेजारच्या काकूंचं निदान तयारच: दात येतायत. तिन्हीसांजेला उलटी हिरवी झाली आणि लंगोटात रक्ताची शेम दिसली, तशी दाजींनी गाडी काढली. शिवाजी पेठेतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि चिठ्ठी लिहून थेट इथं धाडलं.

इथल्या सर्जननी आधी सलाईन लावायला सांगितलं आणि लगेच सोनोग्राफी. पडद्यावर गोलात गोल दिसत होता. ताई रडायला लागली, तर डॉक्टरांनी स्वतःच्या शर्टाची बाही आत ढकलून दाखवली: लहान आतड्याचं टोक असं मोठ्या आतड्यात शिरलंय. इंटससेप्शन म्हणतात. ॲडेनोसारख्या सर्दी-तापाच्या व्हायरसनं आतड्यातल्या गाठी सुजतात आणि आतडं पुढं सरकताना ती सूज आत ओढली जाते. दरवेळी कारण सापडतंच असं नाही, पण बऱ्याच पोरांना आधी सर्दी नाहीतर जुलाब होऊन गेलेले असतात. जास्त वेळ अडकलं तर रक्तपुरवठा तुटून आतडं काळं पडतं.

कापाकापी झाली नाही. शौचाच्या जागेतून नळी घालून सलाईनच्या दाबानं आतडं मागं ढकललं, सोनोग्राफीत बघत बघत. आतडं फुटण्याचा थोडा धोका असतो, म्हणून ऑपरेशन थिएटर तयार ठेवलं होतं, तेही आधी सांगितलं. दहातल्या एखाद्या पोराला परत होतं, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं.

दाजींनी विचारलं, रोटाव्हायरसच्या, म्हणजे जुलाबाच्या लसीच्या डोसामुळं झालं का? डॉक्टर चिडले नाहीत, हे मला लई आवडलं. म्हणाले, प्रश्न बरोबर आहे. अमेरिकेत याच कारणानं 1999 मध्ये रोटाशील्ड नावाची लस मागं घेतली. आताच्या लसींत असलाच तर धोका फार थोडा, आणि तोही डोसानंतरच्या पहिल्या दिवसांत. आमच्या पोराचा शेवटचा डोस चौदाव्या आठवड्यातला, त्याला महिने झाले. जुलाबानं दगावणारी पोरं त्याहून कितीतरी जास्त, तेव्हा लस चुकवायची नाही.

शेजारच्या खाटेवर ऊसतोड कामगारांची चार-पाच वर्षांची पोरगी होती. तिच्या आतड्यात जंतांचा गोळा अडकलेला. नाकातून नळी, तोंडानं काही नाही, सलाईन चालू. तिची आई जंताचं औषध द्या म्हणून मागं लागलेली. सिस्टरनी तिला नीट बसवून समजावलं: वाट पूर्ण बंद असताना ते लगेच देत नाहीत, मेलेले जंत आणखी घट्ट बसायचे. वाट मोकळी झाल्यावर गोळी. अंगणवाडीत 10 फेब्रुवारीला जी अल्बेंडाझोल देतात ती घराघरांत का हवी, ते तिथं कळलं. आमच्याकडं गोळी खिशात घालून घरी आणणारे कमी नाहीत.

आता खिडकी. पोरगं आत तळमळतंय आणि बाहेर आधारची झेरॉक्स मागतायत, रात्री साडेदहाला! उघडं दुकान शोधत दाजी स्टँडपर्यंत गेले. डिपॉझिटही रोख मागितलं, ऑनलाईनला नकार. नातेवाईकांना बसायला एकच बाकडं, त्यावर पंखा नाही. पार्किंग रस्त्यावर.

जाणार असाल तर आधारची झेरॉक्स आणि थोडी रोकड जवळ ठेवा. आणि उलटी हिरवी असेल तर सकाळ व्हायची वाट बघत बसू नका, रात्रीच जा.