हाउलर जेएस: आवर्तन जुळवायला उत्तम, अख्खं गाणं वाजवायला जड

लग्नाची ऑनलाइन पत्रिका, कोकणातला होमस्टे, गणेशोत्सव मंडळाचं पान, काहीही असो, ‘साइट उघडली की सनई वाजली पाहिजे’ ही मागणी ठरलेली. इंटरनेट एक्स्प्लोररच्या काळात बीजीसाउंड नावाचा टॅग टाकला की मिडी धून आपोआप सुरू व्हायची (आणि ऑफिसात सगळे वळून बघायचे). आता तो टॅग चालत नाही. उपाय विचारला की पहिलं नाव पुढे येतं ते हाउलर जेएसचं. गोल्डफायर स्टुडिओज या गेम बनवणाऱ्या कंपनीची ही जावास्क्रिप्ट लायब्ररी एमआयटी परवान्याखाली मोफत आहे, तिला दुसरी कुठलीही लायब्ररी लागत नाही आणि जीझिपने दाबून लहान केल्यावर तिचा मूळ भाग दहा केबीच्या आत बसतो. त्रिमितीय आवाजाची जोडणी वेगळी मिळते. पार्श्वसंगीताला ती लागत नाही, त्यामुळे फक्त ‘कोअर’ फाइल घ्यावी.

आधी एक गैरसमज बाजूला सारू. हाउलर लावलं म्हणून पान उघडताक्षणी आवाज येणार नाही. सफारी ११ ने २०१७ मध्ये, क्रोम ६६ ने २०१८ मध्ये आणि फायरफॉक्स ६६ ने २०१९ मध्ये आपोआप वाजणाऱ्या आवाजाला लगाम घातला. वाचकाने पानावर स्पर्श किंवा क्लिक केल्याशिवाय आवाज सहसा सुरू होत नाही. हाउलर या नियमाला बगल देत नाही, त्याच्याशी जमवून घेतं. पहिला स्पर्श झाला की अडवलेला आवाज मोकळा करण्याची सोय त्यात आहे आणि ती मुळातच चालू असते.

मात्र ही सोयच गोत्यात आणते. पान उघडताना ‘प्ले’ची आज्ञा देऊन ठेवली असेल, तर ती रांगेत थांबते आणि वाचकाचं बोट पहिल्यांदा जिथे लागेल तिथे सनई सुरू होते. तो मेनू उघडत असेल, नकाशाची लिंक दाबत असेल, त्याला आवाज नकोच असेल. म्हणून ‘प्ले’ बटणालाच बांधावं. लग्नपत्रिकेत ‘पत्रिका उघडा’ असं बटण असतंच. संगीत तिथून सुरू करावं आणि बंद करायचं बटण कोपऱ्यात कायम दिसत ठेवावं. वेब सुलभतेची डब्ल्यूसीएजी मानकंही हेच सांगतात: तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप वाजणारा आवाज थांबवण्याची किंवा कमी करण्याची सोय हवी. अंध वाचक स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ऐकत असतो, त्याच्या कानावर सनई आदळली तर पान वाचणंच अशक्य होतं.

आता मुख्य मुद्दा, मेमरी. हाउलर मुळात वेब ऑडिओ ही ब्राउझरमधली आवाजाची यंत्रणा वापरतं, म्हणजे फाइल पूर्ण उतरवून, उलगडून मेमरीत ठेवतं. स्टीरिओ आवाज, सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना चार बाइटचा: मिनिटाला सुमारे २१ एमबी. चार मिनिटांचं गाणं १२८ केबीपीएस एमपी३ मध्ये चार एमबीच्या आत बसतं, पण उलगडल्यावर ८५ एमबी मेमरी खातं. स्वस्त अँड्रॉइड फोनवर हे नाकापेक्षा मोती जड असं होतं. पान अडखळतं, कधी टॅब नव्याने लोड होतो. लांब फाइलसाठी ‘एचटीएमएल५’ हा पर्याय ‘ट्रू’ करता येतो. मग फाइल साध्या ऑडिओ टॅगमधून उतरत उतरत वाजते आणि मेमरी वाचते. पण त्याची किंमत आयफोनवर मोजावी लागते. तिथे ऑडिओ टॅगचा आवाज जावास्क्रिप्टने कमी-जास्त करता येत नाही, त्यामुळे ‘फेड’ (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) चालत नाही आणि सनई पूर्ण आवाजात धाडकन सुरू होते. वेब ऑडिओत फेड आयफोनवरही नीट होतो. शिवाय फोन सायलेंटवर असेल तर वेब ऑडिओचा आवाज सहसा बंद राहतो, ऑडिओ टॅगचा मात्र येतो. पार्श्वसंगीताला पहिलीच वागणूक शोभते.

म्हणून हाउलर घ्यायचं ते छोट्या, फिरत राहणाऱ्या तुकड्यासाठी, आणि तिथे ते खरोखर सरस आहे. एमपी३ फाइल नुसती ‘लूप’ केली की जोडावर बारीक खाच ऐकू येते. एन्कोडर आणि डीकोडर मिळून सुरुवातीला साधारण अकराशे नमुन्यांची शांतता घालतात, म्हणजे २५ मिलीसेकंद. एमपी३ आवाज ११५२ नमुन्यांच्या चौकटींत साठवतो, शेवटची चौकट भरताना मागेही तेवढीच भर पडू शकते. काही ब्राउझर ती कापतात, सगळे नाहीत. नुसत्या तानपुऱ्यात हे कदाचित खपून जाईल. तबला असेल तर नाही. मात्रा अर्ध्या सेकंदाची धरली तर ५० मिलीसेकंद म्हणजे मात्रेचा दहावा भाग, आणि सम दर वेळी तेवढी उशिरा पडते.

यावर हाउलरमधल्या ‘स्प्राइट’चा, म्हणजे फाइलमधला ठरावीक तुकडाच वाजवण्याच्या सोयीचा, उपयोग होतो. याच लयीत तीनतालाचं एक आवर्तन आठ सेकंदांचं. सहा आवर्तनांचा, म्हणजे ४८ सेकंदांचा तुकडा एक्स्पोर्ट करायचा. स्प्राइटची सुरुवात ८००० मिलीसेकंद, लांबी ३२०००, तिसरी किंमत ‘ट्रू’, म्हणजे तुकडा फिरत राहतो. मधली चार आवर्तनं फिरत राहतात, पुढचं-मागचं आवर्तन ही नुसती उशी. सुरुवातीची शांतता दोन्ही टोकांना सारखीच सरकवते, त्यामुळे जोड समेवरून समेवर बसतो. मेमरी सुमारे १७ एमबी. मात्र रेकॉर्डिंगची लय पक्की हवी. मैफलीत कलाकाराने लय वाढवत नेली असेल तर कुठलीही लायब्ररी तो जोड लपवू शकत नाही. आणि ही युक्ती वेब ऑडिओतच करावी, ‘एचटीएमएल५’मध्ये स्प्राइटचा शेवट टायमरवर अवलंबून असतो आणि टायमर हलतो.

बाकी ठेचा नेहमीच्याच. ‘प्ले’ दोनदा दाबला तर दोन सनया एकावर एक वाजतात, कारण एक आवाज वाजत असताना आयडी न देता दिलेला ‘प्ले’ नवा आवाज सुरू करतो. पहिल्या ‘प्ले’ने दिलेला आयडी जपून ठेवावा आणि पुढे तोच वापरावा. ‘प्रीलोड’ मुळात चालू असतो, म्हणजे ज्याला संगीत नको त्याचाही डेटा जातो. तो बंद केला तर बटण दाबल्यावर आधी ‘लोड’ म्हणावं लागतं. नुसतं ‘प्ले’ म्हटलं तर चूकही दाखवली जात नाही आणि आवाजही येत नाही. फाइल दुसऱ्या डोमेनवर असेल तर वेब ऑडिओसाठी त्या सर्व्हरने कॉर्सची, म्हणजे दुसऱ्या साइटला फाइल वाचू देण्याची, परवानगी दिलेली हवी. ड्राइव्हची शेअर लिंक चालत नाही, ती लिंक फाइलची नसून फाइल दाखवणाऱ्या पानाची असते. पत्त्याच्या शेवटी एमपी३ वगैरे नसेल तर ‘फॉरमॅट’ वेगळा सांगावा लागतो. आणि पान संगणकावर डबल क्लिक करून उघडून तपासू नये, तिथे ब्राउझर वेब ऑडिओसाठी फाइल सहसा वाचू देत नाही. लोकल सर्व्हर लावावा.

आवाजाची पातळी एकाच जागी ठरवावी. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात लाउडनेस उणे २३ लफ्सवर (लफ्स हे लाउडनेसचं माप) आणून वर हाउलरमध्येही ०.३ ठेवलं, तर फोनच्या स्पीकरवर काहीच पोचत नाही. फाइल उणे १६ च्या आसपास ठेवून हाउलरमध्ये ०.३ आणि दोन सेकंदांचा फेड हे बरं पडतं.

गाण्याच्या हक्कांबाबत बरीच ढिलाई दिसते. सनईची धून पारंपरिक असली तरी तिचं रेकॉर्डिंग कुणाच्या तरी मालकीचं असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतात, आणि चाल व शब्द यांचे हक्क त्याहून वेगळे. लग्नसमारंभात गाणी वाजवायला कायद्यात सूट आहे. सार्वजनिक वेबसाइटवर ठेवलेली फाइल तिच्यात बसते असं धरून चालू नये. यूट्यूबचा प्लेअर लपवून गाणं वाजवण्याची पळवाटही नियमात बसत नाही, प्लेअर किमान २०० बाय २०० पिक्सेल दिसायलाच हवा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी झिरो किंवा सीसी बाय या खुल्या परवान्यांचं संगीत घ्यावं, दुसऱ्यात श्रेय लिहायला विसरू नये.

टॅब बदलल्यावर संगीत थांबवण्याचं काम हाउलर करत नाही. ‘व्हिजिबिलिटीचेंज’ ही घटना पकडून तेवढ्या ओळी आपण लिहायच्या. साइट अनेक पानांची असेल तर प्रत्येक नव्या पानावर संगीत तुटतं, त्यावरही हाउलरकडे औषध नाही. वेळ ‘सेशनस्टोरेज’मध्ये साठवून पुढच्या पानावर तिथून सुरू करता येतं, पण तिथे ब्राउझर पुन्हा क्लिक मागू शकतो. अशा वेळी, किंवा अख्खं गाणं एकदाच वाजवायचं असेल तर, हाउलर नको. साधा ऑडिओ टॅग घ्यावा, ‘प्रीलोड’ला ‘नन’ द्यावं, ‘प्ले’ने नकार दिला तर बटण पुन्हा ‘सुरू करा’वर आणावं. दहा ओळींत काम होतं.