स्पेक्ट्रम की कमोडोर 64? एका ‘सा’वरून ठरलं

दोन्ही यंत्रं 1982 सालची. दोन्ही मी दोन-दोन वर्षं टेबलावर ठेवून वापरली आणि शेवटी एकच ठेवलं. जुना होम कॉम्प्युटर घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी हा अनुभव लिहितोय.

ऐकायला आणि खेळायला हवा असेल तर कमोडोर 64 सरस आहे, हे आधीच मान्य करतो. त्यातली बॉब यॅनिसने घडवलेली आवाजाची सिड चिप म्हणजे तीन स्वतंत्र आवाजांचं वाद्यच. सूर कसा चढावा, कसा विरावा, हे प्रत्येक आवाजाला वेगळं सांगता येतं. स्पेक्ट्रमकडे एक बारीकसा स्पीकर आहे आणि तो वाजत असताना बेसिकमधलं (दोन्ही यंत्रांत अंगभूत असलेल्या प्रोग्रामिंग भाषेतलं) बाकी सगळं काम थांबतं. चित्रांतही तेच. स्पेक्ट्रमवर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग बसतात, त्यामुळे हलणारी आकृती मागच्या रंगात मिसळते.

पण मला स्वतः प्रोग्राम लिहायचे होते, तेही गाणं शिकणाऱ्या लेकीबरोबर, आणि तिथेच गाडी अडली. कमोडोरच्या बेसिकमध्ये आवाजासाठी आज्ञाच नाही. एक ‘सा’ नीट लावायचा तर सहा पोक करावे लागतात, म्हणजे मेमरीतल्या ठरावीक क्रमांकाच्या जागी थेट आकडा टाकावा लागतो: 54296 मध्ये आवाजाची पातळी, 54277 आणि 54278 मध्ये चढ-उतार, 54272 आणि 54273 मध्ये कंपनसंख्येचे दोन तुकडे, 54276 मध्ये लहरीचा प्रकार. त्यात अमेरिकन यंत्रासाठीचा सुरांच्या आकड्यांचा तक्ता युरोपीय यंत्रावर वापरला की घड्याळाचा वेग वेगळा असल्याने सूर उतरलेला लागतो. सा लागेपर्यंत लेक उठून गेलेली असायची. माझ्या लेखी निवड इथेच ठरली.

स्पेक्ट्रमवर ‘बीप 1, 0’ लिहिलं की सेकंदभर पांढरी एक वाजते. पुढचा आकडा एकाने वाढवला की हार्मोनियमची शेजारची पट्टी. 0, 2, 4, 7, 9, 12 म्हणजे भूपाचा आरोह. यमनसाठी तीव्र मध्यम हवा? 6 घाला. लेकीची पट्टी काळी चार, म्हणून प्रत्येक आकड्यातून 4 वजा केले आणि ती बरोबर गाऊ लागली. वर्तुळ काढायलाही एकच ओळ: ‘सर्कल 128, 88, 50’.

रबरी बटणांबद्दल लोक कुरकुर करतात, ती रास्तच आहे. प्रत्येक बटणावर आख्खी आज्ञा छापलेली, पी दाबलं की ‘प्रिंट’. पहिले आठ दिवस मीही बोट फिरवत शोधत होतो. पण चुकीची ओळ हे यंत्र स्वीकारतच नाही, चूक असेल तिथे प्रश्नचिन्ह लुकलुकतं. कमोडोर तीच चूक प्रोग्राम चालवल्यावर सांगतो. शिकणाऱ्याला पहिली रीत जास्त मानवते, असं मला वाटतं. इतरांचं मत वेगळं असू शकेल.

घेताना स्पेक्ट्रमचा 48के (48 किलोबाइट मेमरीचा) घ्या, 16के अपुरा पडतो. कीबोर्डखालचा पातळ पडदा वयोमानाने ठिसूळ होतो, पण नवा मिळतो आणि घरी बदलता येतो. कमोडोर घेतलात तर जुना पॉवर सप्लाय अजिबात जोडू नका. तो बिघडला की व्होल्टेज वाढतं आणि मेमरी चिप जळतात. शिवाय 1986 साली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ भारतात आणला होता. ओळखीच्यांच्या माळ्यावर एकदा विचारून पाहा.

स्पेक्ट्रमच्या मूळ पुस्तिकेतच लिहिलंय, की भारतीय संगीतात अर्ध्या स्वराहून बारीक अंतरं असतात आणि ती ‘बीप’मध्ये अपूर्णांकाने देता येतात. ते वाचून गंधाराच्या 4 ऐवजी 3.86 घातलं. लेक तानपुरा लावून बसली होती. ऐकून म्हणाली, “बाबा, आता जुळला.”