लंडन ते पॅरिस: विमान की युरोस्टार?

युरोप सहलीत लंडन आणि पॅरिस दोन्ही असलं की पहिला प्रश्न हाच. लंडनचा हीथ्रो विमानतळ ते पॅरिसचा शार्ल द गॉल विमानतळ हे हवाई अंतर सुमारे ३४८ किलोमीटर. तिकिटावर सव्वा तास ते एक तास वीस मिनिटं दिसतात. प्रत्यक्ष हवेत विमान जेमतेम पाऊण-एक तास असतं, बाकीचा वेळ धावपट्टीपर्यंत रांगेनं जाण्यात आणि उतरल्यावर गेटपर्यंत पोहोचण्यात जातो. युरोस्टार ही समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी रेल्वे लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनहून पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनला साधारण सव्वादोन ते अडीच तासांत पोहोचते. नुसते हे आकडे पाहून विमान घेऊ नका. हिशेब दारापासून दारापर्यंत करा.

मध्य लंडनहून हीथ्रोला तासभर. तिथे दोन तास आधी पोहोचायचं. मग विमान, शार्ल द गॉलला पासपोर्टची रांग, बॅगांची वाट. विमानतळ पॅरिसच्या बाहेर २५ किलोमीटरवर, तिथून आरईआर बी ही लोकल गाडी घेऊन शहरात यायला आणखी अर्धा-पाऊण तास. सगळं मिळून सहज सहा तास होतात. रेल्वेनं हेच काम चार-साडेचार तासांत होतं, कारण दोन्ही स्टेशनं भर शहरात आहेत. शिवाय फ्रान्सची पासपोर्ट तपासणी सेंट पँक्रासलाच, गाडीत बसण्याआधी होते. पॅरिसला उतरलं की थेट स्टेशनबाहेर. फ्रान्ससाठीचा शेंगेन व्हिसा मात्र विमान असो वा रेल्वे, लागतोच, रेल्वे आहे म्हणून सुटका नाही.

सामानाचं गणित आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचं. युरोस्टारच्या साध्या वर्गात ८५ सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि एक हातातली पिशवी नेता येते, वजनाची अट नाही. लोणच्याची बाटली हातातल्या पिशवीत चालते. साजूक तूप मात्र दोन्ही मार्गांनी नेऊ नका. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून, ब्रिटनमधून संघाच्या देशांत दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. रेल्वेची खरी अडचण वेगळीच: बॅगा आपल्यालाच उचलून डब्यात चढवायच्या असतात. आई-बाबा सोबत असतील तर एक तरी धडधाकट माणूस हवा, नाहीतर मदतीची नोंदणी आधीच करून ठेवा. सेंट पँक्रासचं प्रतीक्षागृहही लहान आहे, गर्दीत बसायला जागा मिळेलच असं नाही.

मग विमान कुणी घ्यावं? मुंबईहून हीथ्रोला उतरून त्याच दिवशी पॅरिस गाठायचं असेल त्यांनी, आणि तेही एकाच तिकिटावर. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय विमान कंपनी करते. हाउन्सलो किंवा स्लावला नातेवाइकांकडे उतरला असाल तरी हीथ्रो जवळ पडतं. डिस्नेलँडला जाणाऱ्यांसाठीही विमान वाईट नाही: शार्ल द गॉलच्या स्टेशनातून वेगवान टीजीव्ही रेल्वे दहा-बारा मिनिटांत तिथे सोडते.

भाडं दोन्हीचं सतत बदलतं. आयत्या वेळी युरोस्टार खिसा रिकामा करते, म्हणून व्हिसा हातात पडताच तिकीट काढा. विमानाचं भाडं स्वस्त दिसलं तर त्यात बॅगेचे पैसे आणि दोन्हीकडचा विमानतळाचा प्रवासखर्च मिळवून मगच तुलना करा. वेळा वाचताना पॅरिसचं घड्याळ एक तास पुढे असतं, हेही ध्यानात असू द्या. गार द्यु नॉरला उतरल्यावर पासपोर्ट आणि फोन आतल्या खिशात ठेवा, तिथे खिसेकापूंचा सुळसुळाट असतो.