सप्रेसर घेताय? डेसिबल नंतर, आधी मागचे आटे बघा (नोमॅड-३० आणि टेपर माउंट)

डेड एअर कंपनीचा नोमॅड-३० हा सप्रेसर (नळीच्या टोकाला लावायचं, आवाज कमी करणारं नळकांडं, त्यालाच कॅन म्हणतात) बरेच दिवस वापरतोय, मुख्यतः .३०८ च्या बोल्ट अ‍ॅक्शनवर (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची रायफल) आणि अधूनमधून एआर-१५ या सेमी-ऑटोमॅटिक रायफलवर पण. कॅन चांगलाच आहे, त्याबद्दल खाली लिहितोच, पण मला तो आवडायचं मोठं कारण त्याचा आवाज नाहीये, त्याच्या मागच्या बाजूचे आटे आहेत. सप्रेसर घ्यायचं ठरलं की लोक डेसिबलचे चार्ट उघडून बसतात, हा दोनने कमी, तो तीनने जास्त, आणि तो नळीवर बसणार कसा हा प्रश्न पार शेवटी, पैसे देताना. मी म्हणतो उलटं करा, आधी माउंट, म्हणजे कॅन नळीला जोडणारा भाग, ठरवा.

अमेरिकेत तर याला पक्कं कारण आहे. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली सिरीयल नंबरवाला कॅन तुमच्या नाहीतर ट्रस्टच्या नावावर नोंदवला जातो, फॉर्म ४ (नावावर करायचा सरकारी अर्ज), बोटांचे ठसे, फोटो, चौकशी सगळं आलं. २०० डॉलरचा टॅक्स १ जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय, पण कागदपत्रं सुटलेली नाहीत, आणि एकदा नावावर चढलेला कॅन दुसऱ्याला द्यायचा म्हटलं तर परत तेच सगळं. स्क्रूने बसणाऱ्या माउंटला मात्र यातलं काहीही लागत नाही, आज एक लावा, उद्या दुसरं मागवा. म्हणजे कॅन जन्माचा आणि माउंट बदलता येणारं, मग जो कॅन एकाच कंपनीच्या माउंटशी बांधलेला आहे तो घेताना दहादा विचार करायला नको का?

इथे कामाला येतं ते हब. कॅनच्या मागे १.३७५ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे, बास, एवढंच आहे हब म्हणजे. सायलेन्सरको कंपनी ज्याला ब्राव्हो म्हणते ते हेच माप, पण त्यांचं चार्ली वेगळं आहे हं, ते यात बसत नाही, ऑर्डर करताना नीट बघा. या मापात रिअर्डन, ग्रिफिन, क्यूचं प्लॅन-बी, डेड एअरचं स्वतःचं कीमो, सायलेन्सरकोचं एएसआर, सगळ्यांची माउंट मिळतात. नोमॅड-३० ला मागे हेच आटे आहेत आणि सोबत ५/८x२४ चं डायरेक्ट थ्रेड माउंट येतं, त्यामुळे बऱ्याचशा .३० कॅलिबर रायफलींवर पहिल्या दिवसापासून लावता येतो.

आता कॅनबद्दल. लांबी साडेसहा इंच, वजन साधारण साडेचौदा औंस, स्टीलचा आहे त्यामुळे टायटॅनियमवाल्यांसारखा पिसासारखा हलका नाही, पण नळीच्या टोकावर एवढं वजन मला जड वाटत नाही, बेंचवरून आणि बायपॉडवर तर अजिबात नाही. डोंगरात दिवसभर रायफल खांद्यावर घेऊन फिरणारा असाल तर टायटॅनियम बघा, तिथे प्रत्येक औंस जाणवतो. पण भराभर गोळ्या झाडणाऱ्याने टायटॅनियम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, खूप तापलं की ते कमजोर पडतं आणि ठिणग्याही जास्त उडतात. आखूड नळीच्या एआरवर सतत मारा करायचा असेल तर इन्कोनेल किंवा स्टेलाइट या उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूंचे बॅफल (कॅनच्या आतले वायू अडवणारे पडदे) असलेला घ्यावा, वजन सहन करावं.

आवाजाचं सांगतो. .३०८ चा उघडा बार १६० डेसिबलच्या वर जातो, आणि अचानक होणाऱ्या आवाजाची धोक्याची रेषा १४० धरतात. चांगला कॅन साधारण २५ ते ३० कमी करतो, म्हणजे कसाबसा रेषेच्या खाली. त्यातून गोळी आवाजापेक्षा जोरात जाते तेव्हा हवेत जो कडाका होतो तो कुठलाच सप्रेसर थांबवू शकत नाही, कारण तो नळीच्या पुढे, वाटेत होतो. नोमॅडचा सूर जाड आहे, कानात टोचत नाही, दणकाही चांगलाच कमी होतो, नेम धरून ठेवता येतो आणि आपली गोळी कुठे लागली ते दुर्बिणीतून स्वतःला दिसतं, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. तरीही मी कानावर मफ घालतोच आणि शेजारच्यालाही घालायला सांगतो, कान गेले की परत येत नाहीत, प्लीज घाला.

आता माउंट, ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो. डायरेक्ट थ्रेड सगळ्यात साधं, हलकं, स्वस्त, आणि एकाच बोल्ट अ‍ॅक्शनवर कॅन कायम ठेवायचा असेल तर यापेक्षा चांगलं काही नाही. त्रास एवढाच की गोळ्या झाडताना हळूहळू सैल होतं, मग अधूनमधून हाताने तपासावं लागतं, आणि तापल्यावर तपासायचं म्हणजे जाड हातमोजा हवाच. क्विक डिटॅच म्हणजे नळीच्या टोकावर मझल ब्रेक (दणका कमी करणारा) किंवा फ्लॅश हायडर (ज्वाळा कमी करणारा) असं मझल डिव्हाइस कायमचं बसवायचं आणि कॅन त्याच्यावर लॉक करायचा. पटकन निघतो, पण वजन वाढतं, लांबी वाढते, आणि जिथे वायू गळतो तिथे काजळी भरते, मग कॅन असा चिकटून बसतो की पान्याशिवाय सुटत नाही. माझ्याकडे एका कंपनीचं दातेरी रॅचेटवालं माउंट होतं, नाव घेत नाही, एका लांब सेशननंतर ते नीट गार झाल्यावरही हलेना.

टेपर माउंटचं गणित वेगळं. मझल डिव्हाइसचा एक भाग शंकूसारखा उतरता असतो आणि माउंटच्या आत तसाच उतार, दोन्ही एकमेकांत घट्ट बसले की वायू तिथेच अडतो, आट्यांपर्यंत काजळी पोचतच नाही. दुसरं म्हणजे उतारामुळे कॅन दर वेळी आपोआप मध्यावर येतो, त्यामुळे काढून परत लावला तरी झीरो, म्हणजे दुर्बिणीशी जुळवलेला नेम, फार हलत नाही. मी रिअर्डनच्या पद्धतीचं टेपर वापरतो, हलकं आहे, हलणारे पार्ट नाहीत, हाताने फिरवून घट्ट केलं की झालं. क्विक डिटॅचइतकं झटपट नाही, मान्य, पण एवढी घाई असते कुणाला? तीन दात्यांच्या फ्लॅश हायडरपेक्षा मी ब्रेक घेतो, कारण कॅनच्या आत पहिल्या बॅफलवर येणारा मारा ब्रेक अंगावर घेतो आणि कॅनचं आयुष्य वाढतं. मात्र कॅनशिवाय ब्रेकवाली रायफल चालवली तर शेजारच्या बाकावरच्या माणसाला कानठळ्या बसतात, त्यामुळे कॅन नेहमी लावणार असाल तरच ब्रेक.

बसवताना दोन गोष्टी अगदी जिवावरच्या आहेत. मझल डिव्हाइसखाली क्रश वॉशर (आवळताना चेपणारा वॉशर) वापरू नका, तो दाबला जाताना सगळीकडून सारखा दबेलच असं नाही, डिव्हाइस किंचित तिरकं बसतं आणि कॅनच्या टोकापर्यंत तो तिरकेपणा वाढत जातो. शिम (पातळ सपाट चकत्या) वापरा. आणि चिकटवायला रॉकसेट, लाल लॉकटाइट नाही, कारण लॉकटाइट उष्णतेने सुटतं आणि इथे तर उष्णताच उष्णता, रॉकसेट मात्र उष्णतेला दाद देत नाही आणि काढायचं असेल तेव्हा पाण्यात भिजवलं की सुटतं.

क्विक डिटॅच आणि टेपरबद्दल एक गोष्ट कुणी बोलत नाही. .२२३ किंवा ५.५६ मिमीच्या नळीला सहसा १/२x२८ आटे असतात आणि .३० ला ५/८x२४, म्हणजे डायरेक्ट थ्रेडमध्ये ५.५६ चा बारीक भोकाचा कॅन चुकून .३० च्या नळीवर चढतच नाही. दोन्ही रायफलींवर एकाच पद्धतीचं मझल डिव्हाइस लावलं की हे संरक्षण संपतं, बारीक कॅन जाड नळीवर आरामात बसतो आणि पहिल्याच गोळीला फुटतो. म्हणून मी एकच .३० चा कॅन ठेवलाय, तो ५.५६ वर चालतो, थोडा आवाज जास्त येतो, चालेल मला. दोन कॅलिबरचे कॅन असतील तर त्यांच्यावर वेगवेगळ्या रंगाची पट्टी ओढा, नाहीतर माउंटच वेगवेगळ्या पद्धतीची ठेवा, हे जास्त चांगलं.

एआरवर नोमॅड लावला की वायू मागे येतो, तोंडावर धूर, बोल्ट जोरात मागे जातो. अ‍ॅडजस्टेबल गॅस ब्लॉक (वायू कमी-जास्त करता येणारा) किंवा जड बफरने (बोल्टचा वेग आवरणारं वजन) बरंच सुधारतं. फक्त एआरसाठीच घेताय तर हक्सवर्क्ससारखे फ्लो-थ्रू कॅन बघा, ते वायू पुढे काढतात, आवाज किंचित जास्त पण डोळ्यात काही जात नाही. एक बोल्ट अ‍ॅक्शन आणि एक एआर अशी जोडी असेल तर मात्र माझी शिफारस हीच, हब आट्यांचा .३० चा स्टीलचा कॅन, दोन्हीकडे टेपरवाले ब्रेक, आणि माउंट एकच. नवीन बसवलं की पहिली गोळी भरायच्या आधी रायफल रिकामी आहे ना ते बघून अलाइनमेंट रॉड नळीतून घाला आणि कॅनच्या तोंडाशी रॉडभोवती सगळीकडे सारखी फट दिसतेय का ते उजेडात बघा, एका बाजूला टेकलेला दिसला तर गोळी झाडू नका, शिम काढून परत बसवा.