कुरडयांची खोकी आणि घरून पिकअप: नऊ महिन्यांनंतर

मार्चपासून मी अंबाजोगाईहून वाळवणाची पार्सलं एक्सप्रेस कुरिअरनं पाठवते, घरूनच पिकअप घेऊन. आधी आम्ही डबे पुण्याच्या ट्रॅव्हल्सनं पाठवायचो. रात्री स्टँडवर जाऊन ड्रायव्हरच्या हाती डबा द्यायचा, आणि पहाटे तिकडं घ्यायला कुणीतरी उभं राहायचं. गिऱ्हाईक वाढलं तसं ते जमेना.

पिकअप बुक करायला काही अवघड नाही. पत्ता, पिनकोड, वजन, खोक्याची मापं भरायची, वेळ निवडायची, लेबल चिकटवायचं. पण बुकिंग झालं म्हणजे माणूस येईलच असं नाही. पहिल्याच महिन्यात दुपारी दोन ते सहा मी दारात बसून होते. ना कुणी आलं, ना फोन, आणि सहाला मेसेज, ‘ग्राहक घरी नव्हते.’ ऑर्डर रुखवताची होती, लग्नाची तारीख थोडीच पुढं जाणार? त्या रात्री परत ट्रॅव्हल्सच गाठली. फार जीव जळाला होता.

तेव्हापासून बुकिंग सकाळी दहाच्या आत, पत्त्यात जवळची खूण, आणि पिकअपवाल्याचा नंबर आला की लगेच फोन. आता येणारा मुलगा ओळखीचा झालाय. गल्लीच्या तोंडाशीच हाक देतो, “काकू, खोकी बाहेर काढा!” पोरगं गुणी आहे, तरीही बारकोड स्कॅन झाल्याशिवाय मी खोकं सोडत नाही. एकदा घाईत सोडलं, तर दोन दिवस ते ट्रॅकिंगवर कुठं दिसेचना.

सगळ्यात जास्त पैसे गेले ते वजनापायी. कुरडई हलकी, पण जागा फार खाते. ४५ × ३० × ३० सेंटिमीटरच्या खोक्यात माल साडेतीन किलो, आणि बिल ८.१ किलोचं! लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० नं भागतात. तो आकडा खऱ्या वजनाहून मोठा निघाला की भाडं त्याचंच लागतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता कुरडया तळहाताएवढ्याच घालतो, खोक्यात उभ्या लावतो आणि फटींत शेवया, पापडांची पाकिटं बसवतो. साडेतीन किलोचाच माल ३० × ३० × २० मध्ये मावतो, आकडा येतो ३.६. कुरडयाही कमी मोडतात.

कागदपत्रं मात्र मी पोस्टातच नेते. स्पीड पोस्ट १९८६ पासूनचं, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्ट्रीही त्यातच आली. वजन डोळ्यांसमोर होतं, तेरा अक्षरी नंबराची पावती लगेच हातात पडते.

वाळवणासाठी घरून पिकअपच चालू ठेवणार आहे. योगेश्वरीच्या मार्गशीर्षातल्या नवरात्रात मंदिराकडं गर्दी असते, म्हणून तेवढे दिवस पिकअपला जाऊबाईंच्या घरचा पत्ता दिला. एकही पार्सल अडकलं नाही.