माकड आणि मगर: तिसरीच्या मुलांसाठीची एक आकलन पुस्तिका

मुलगी यंदा तिसरीत गेल्यावर मराठी वाचनाच्या सरावासाठी आम्ही 24 पानांची एक आकलन पुस्तिका विकत घेतली. पंचतंत्रातील माकड आणि मगर यांची एकच गोष्ट तीत सलग दिली असून पुढे तिच्यावर 30 प्रश्न आहेत. निरनिराळ्या गोष्टींचे तुकडे देण्याऐवजी मुलाला एकाच गोष्टीत रमू द्यावे, ही कल्पना मला मनापासून आवडली. कागद जाड आणि अक्षर मोठे असल्यामुळे मुलगी स्वतःहून वाचायला बसली.

प्रश्नांनी मात्र निराशा केली. माकड कोणत्या झाडावर राहत होते, त्याने कोणती फळे दिली, अशा 20 हून अधिक प्रश्नांत प्रश्नातला शब्द गोष्टीत शोधायचा आणि त्याच्या शेजारचा शब्द उतरवायचा, एवढेच काम आहे. मुलीची सगळी उत्तरे बरोबर आली, पण जांभळे रोज मिळत असताना मगरीच्या बायकोला माकडाचे काळीजच का हवे होते, हे तिला सांगता आले नाही. ज्याच्या पोटात रोज इतकी गोड फळे जातात त्याचे काळीज किती गोड असेल, हा मगरीच्या बायकोचा तर्क गोष्टीत छापलेला आहे. त्यावर प्रश्नच नाही.

एक प्रश्न खरोखर चांगला आहे: भर पाण्यात पोहोचल्यावर मगर आपला बेत माकडाला का सांगून टाकते? मुलीने लिहिले, ‘तिला वाईट वाटले म्हणून.’ मागे दिलेल्या उत्तरांत ‘मगर मूर्ख होती’ असे आहे. पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रात, म्हणजे लब्धप्रणाशात, याचे कारण स्पष्ट दिले आहे: अथांग पाण्यात आलेले हे माकड आता आपल्या पाठीवरून तिळभरही हलू शकत नाही, तेव्हा त्याला खरे सांगावे, म्हणजे ते निदान आपल्या इष्टदेवतेचे स्मरण करील, असा विचार करालमुख नावाचा तो मगर करतो. त्याच्या या खात्रीमुळेच रक्तमुख माकडाला ‘काळीज तर जांभळाच्या ढोलीत ठेवले आहे’ असे सांगण्याची संधी मिळते. संक्षेप करताना पुस्तिकेने नेमके हेच वाक्य गाळले, त्यामुळे गोष्ट कितीही लक्ष देऊन वाचली तरी मुलाला या प्रश्नाचे उत्तर सापडणार नाही. मी तो मूळ भाग सोप्या मराठीत वाचून दाखवला, तेव्हा मुलगी क्षणभर थांबून म्हणाली, ‘म्हणजे त्याला वाटलं, हा आता कुठे जातोय!’

भाषेकडेही संपादकांनी अधिक लक्ष द्यायला हवे होते. आपल्या बोलण्यात मगर बहुधा स्त्रीलिंगी असते, पण या गोष्टीत नवरा आणि बायको असे दोघेही आहेत. ‘मगर घरी आली आणि बायकोला म्हणाली’ या वाक्यापाशी मुलगी अडखळली आणि कोण कोणाशी बोलते आहे, हे तिने मला दोनदा विचारले. करालमुख हे मूळ नाव ठेवले असते तर ही अडचण आलीच नसती.

2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी ही पुस्तिका एकट्या मुलाच्या हाती देऊन भागणार नाही. शेजारी बसून ‘का’ विचारणारे मोठे माणूस घरात असेल तरच ती घ्यावी. पुढच्या आवृत्तीत करालमुखाच्या मनातला तो विचार गोष्टीत परत यावा, एवढी प्रकाशकांना विनंती आहे.